रुखवताची जाहिरात

वेळापत्रकात काही चूक नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण हल्ली आमच्या घरात हा विषय निघाला की सगळे गप्प बसतात आणि मला एकट्यालाच बोलावं लागतं. मी उभी नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत टाइम ऑफिसला काढली. कोण किती वाजता आला, कोणाचा लेट मार्क, कोणाचा हाफ डे, हे माझ्या सहीनं ठरायचं. मोठमोठे इंजिनियर माझ्या खिडकीपुढे पडेल चेहऱ्यानं उभे राहिलेत. अशा माणसाला त्याच्या बायकोनं ‘तुमच्यामुळे माझा वेळ गेला’ असं म्हणावं, याचं वाईट वाटतं. बरं, ती तसं म्हणालीही नाही. म्हणाली असती तर मी उत्तर दिलं असतं.

माझी बायको वासंती रुखवत करते. म्हणजे करायची. लग्नात मुलीकडचे एका टेबलावर जे मांडून ठेवतात ते. मोत्यांची महिरप, क्रोशाचे रुमाल, काड्यांची विहीर, कडधान्यांचा गणपती. मुलाकडच्या बायका वाकून वाकून बघतात, ‘मुलीनंच केलं का हो सगळं?’ असं विचारतात, आणि मुलीची आई ‘हो, तिलाच हौस’ म्हणते. डोंबिवलीतली ही हौस गेली कित्येक वर्षं आमच्या हॉलमध्ये तयार होत आलीय.

वासंतीची खासियत सुपारीच्या लग्नाची. बाजारातही सुपारीचे नवरा-नवरी मिळतात, पण ते कोणाचेही असतात. वासंती त्या घरचे फोटो मागवायची आणि सुपाऱ्यांची त्या घरची माणसं करायची. मामाला मिशी, मावशीला जाड भिंगांचा चष्मा, अक्षता टाकायच्या सोडून जांभई देणारा एखादा काका. लग्नात टेबलाभोवती हशा पिकायचा. लोक आपापली सुपारी शोधायचे.

हा धंदा चालायचा कुजबुजीवर. बायका दिवेलागणीला यायच्या, दार लावून घ्यायच्या, आणि मला आतल्या खोलीत जाऊन बसावं लागायचं, कारण त्या पुरुषमाणसासमोर बोलत नसत. माल जायचा तो जुन्या चादरीत झाकून. आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन घरांत वासंतीचं रुखवत काचेच्या कपाटात ठेवलेलं आहे, आणि त्या दोन घरांना एकमेकांचं माहीत नाही. वासंतीनं कधी मलासुद्धा घरं कोणती ते सांगितलं नाही. मी चहाला गेलो तेव्हा माझं मी ओळखलं.

गेल्या वर्षी आमच्या आसावरीचं ठरलं. ती माजिवड्याला एका ऑफिसात आहे. मुलगा कल्याणचा, सर्वेश नाव, घर चांगलं, लग्न माघात. वासंतीनं गणपतीतच जाहीर करून टाकलं, “या वर्षी एकही ऑर्डर घ्यायची नाही. आसावरीचं रुखवत करायचं, निवांत.” तिचा एक डबा होता. आसावरी शाळेत होती तेव्हापासून त्यात सुपाऱ्या पडत होत्या. वाण्याकडे पूजेच्या सुपाऱ्या घेताना मध्येच एखादी तिच्या हातात थांबायची. “ही बघा, अगदी तुमच्या आत्यांची हनुवटी.” किंवा, “हे तुम्ही. जरा बसके आहात, पण तुम्हीच.” असं अख्खं घर त्या डब्यात गोळा झालेलं. ते कधी एकदा मंडपात उभं करतेय, असं तिला झालं होतं.

आता यात मी काय केलं? मी फक्त विचार केला. ऑर्डर नाहीत म्हणजे वेळ मोकळा, आणि मोकळा वेळ बघितला की माझ्या डोक्यात कळ जाते. त्यात तळमजल्यावरचा स्वानंद भेटला. हा चाळिशीचा गृहस्थ विमा विकतो, आणि नुकताच ठाण्याला एका हॉटेलात डिजिटल मार्केटिंगचं शिबिर करून आलेला. शिबिरात जेवण फार छान होतं, असं तो आजही सांगतो. बाकी काय होतं त्याबद्दल फारसं सांगत नाही.

“हरिहरकाका, काकूंच्या हातात सोनं आहे आणि तुम्ही ते चादरीखाली झाकून ठेवलंय,” तो म्हणाला. “आजकाल जो दिसतो तोच टिकतो. आसावरीच्या लग्नानंतर काकू रिकाम्या बसणार का? आत्तापासून पाया घाला. दिवसातला थोडा वेळ, बस. फक्त शिस्त पाहिजे.”

शिस्त म्हटल्यावर मी नाही म्हणणं शक्यच नव्हतं. तिथंच त्यानं त्याच्या मोबाइलवरून अकाउंट उघडून दिलं.

वासंती पोळ्या लाटत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि लाटणं न थांबवता म्हणाली, “अहो, पण हे विकत मिळतं असं सगळ्यांना कळलं, तर ते विकत कशाला घेतील कोणी?”

“वासंती, हा जुना विचार झाला,” मी म्हणालो.

हे माझं वाक्य मला आता दिवसातून बऱ्याच वेळा ऐकू येतं.

मी वेळापत्रक आखलं. चार रंगांत. सकाळी काय दाखवायचं ते ठरवणे, दुपारी खिडकीत ऊन असेतो शूटिंग, संध्याकाळी लोकांना उत्तरं, रात्री दुसऱ्यांचं बघून अभ्यास. आसावरीच्या रुखवतासाठी मी रोज दुपारच्या चहानंतरचा रकाना राखून ठेवला होता, हिरव्या रंगात. हे लक्षात घ्यावं. कागद फ्रिजवर लावला. कंपनीत असा कागद लागला की माणसं निमूट त्याप्रमाणे वागत. घरातली माणसं फ्रिज उघडताना फक्त त्याचा कोपरा दुमडतात.

पहिली अडचण उन्हाची. आमच्या खिडकीत ऊन येतं ते समोरच्या बिल्डिंगच्या मर्जीनं. ते आलं की वासंतीचा कुकर लागलेला. शेजारची क्षिप्रा, जी घरून कुर्ते विकते, ती येऊन म्हणाली, “काकू, गाऊनवर नको, साडी नेसा, फील येतो.” साडी नेसेपर्यंत ऊन गेलेलं. दुसऱ्या दिवशी वासंती सकाळपासून साडी नेसून बसली, तर आभाळ आलेलं.

दुसरी अडचण म्हणजे आमचे संस्कार. कोणी ‘छान’ असं लिहिलं तर त्याला नुसता अंगठा दाखवून सोडायचं असतं, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. नागपूरच्या एका बाईंनी लिहिलं, ‘सुंदर ताई.’ वासंती हरखली. इतकी वर्षं तिचं कौतुक झालं ते दुसऱ्यांच्या मुलींच्या नावावर. तिला ‘ताई’ म्हणून कोणी पहिल्यांदाच दाद दिली होती. तिनं उत्तर लिहिलं, ‘आपली प्रतिक्रिया वाचून आनंद झाला. आपण मूळच्या कुठल्या?’ त्यावर त्यांनी मूळ कुठलं ते सांगितलं. मग मुलंबाळं, मग गुडघे. शेवटी दोन्हीकडून हात जोडल्याची चित्रं सुरू झाली. समोरच्यानं नमस्कार केल्यावर आपण न करता उठायचं कसं? तो नमस्कार मला वाटतं अजून कुठेतरी चालू असेल. जे ‘किंमत?’ एवढंच विचारत, त्यांना वासंती लग्न कधी, कार्यालय कुठलं, मुलगी काय करते, सगळं आपुलकीनं विचारी. एकही माणूस परत बोलला नाही. ती मात्र चहाचा कप हातात धरून वाट बघत बसायची, आणि हिरवा रकाना तसाच निघून जायचा.

तिसरी गोष्ट सांगायची माझी इच्छा नाही. पण सांगतो.

स्वानंद म्हणाला, “काका, तयार वस्तू कोणी बघत नाही. बनताना दाखवा. आणि आवाज पाहिजे. लोकांना आवाज आवडतो.” वाण्याचं दुकान बंद होतं. वासंती बँकेत गेली होती. मी डबा काढला. एकच सुपारी घ्यायची असं माझ्या मनात होतं. पण पहिली रंगवताना कॅमेरा हलला, दुसरीला भोक पाडताना ती निसटून फुटली, तिसऱ्या वेळी खालून भंगारवाला ओरडला, असं करता करता डबा तळाला आला. शेवटी स्वानंदनं अडकित्त्यात एक सुपारी धरून कॅमेऱ्यासमोर कडकन फोडली. आवाज खरंच सुंदर आला. वासंती दारात उभी होती. तिनं खाली वाकून एक तुकडा उचलला आणि उजेडात धरला.

“आत्या,” ती म्हणाली.

मग तिनं डबा कपाटात ठेवला आणि कुकर लावायला गेली. ते रील बघितलं मोजक्या लोकांनी, त्यात स्वानंदच्या ऑफिसचेच जास्त.

अशात गोदाबाई आल्या. यांची ओळख करून द्यायला हवी. आमची बिल्डिंग उभी आहे ती गोदाबाईंच्या सासऱ्यांच्या भातशेतीवर. आजूबाजूच्या तीन बिल्डिंगांनाही त्याच घरातली नावं आहेत. हातभर सोनं घालून त्या रिक्षानं भाजीला जातात आणि भाव करतात. बिल्डिंग नवी होती तेव्हा आम्हाला पाणी नव्हतं. वासंती त्यांच्या विहिरीवर जायची आणि गोदाबाई स्वतः रहाट ओढून तिच्या कळश्या भरून द्यायच्या. त्यामुळे त्या ‘वयनी’ म्हणाल्या की वासंतीला नाही म्हणता येत नाही.

“वयनी, माजे दर्शनाचा लगीन हाय तुलशीचे लग्नानंतर,” त्या म्हणाल्या. मी उठून आत जायला लागलो, तर त्यांनी हातानं थांबवलं. “बसा भावजी, तुमी घरचे. पोरगी बँकेत हाय, हुशार हाय, पन सुईत दोरा नाय घालता येत तिला. आनि त्या मयूरची आजी, बाय बाय! पोरीचे हातात कला पायजे बोलते. मी बोलून बसलंय, सगलं दर्शनाच करते. आता तुमीच बगा. आनि कोनाला कलता कामा नये, हां.”

“कोणाला नाही कळणार,” वासंती म्हणाली. मीही मान हलवली होती. ही गोष्ट कोणी विसरू देत नाही.

ते रुखवत वासंतीनं जीव ओतून केलं. डब्याचं दुःख तिनं त्यात घातलं असावं. सुपारीची दर्शना, खाली बघून हसणारी. सुपारीचा मयूर, फेटा कपाळावर आलेला. मयूरची आजी, काठी टेकून, नाक उडवून. आणि मयूरचे आजोबा, पांढरी टोपी, कानामागे बिडी. बिडी वासंतीनं उदबत्तीच्या काडीची केली होती. मी आयुष्यात इतकं हसलेलो नाही. मी फोटो घेतले, व्हिडिओ घेतला. घरच्या आठवणीसाठी, दुसरं काही मनात नव्हतं.

आणि मग गुरुवार आला. गुरुवारचा रकाना रिकामा होता.

ज्यांनी टाइम ऑफिसला काम केलेलं नाही त्यांना रिकामा रकाना म्हणजे काय ते कळणार नाही. मस्टरमध्ये रिकामा रकाना म्हणजे माणूस आला की नाही तेच माहीत नसणं. मला रात्रभर झोप येत नसे. त्या दिवशी आभाळ होतं, वासंतीचं डोकं दुखत होतं, दाखवायला काही नव्हतं. मी विचार केला, यात कुठे नाव आहे? कुठे पत्ता आहे? सुपाऱ्या तर आहेत. मी व्हिडिओ स्वानंदकडे पाठवून दिला. वर काय लिहायचं ते त्याच्यावर सोपवलं. त्यानं लिहिलं, ‘नवरीला काहीच येत नाही? नो टेन्शन! आम्ही करून देतो, नाव तिचं!’

आमचं बाकी काहीही चाललं नव्हतं. हे चाललं. संध्याकाळपर्यंत ते चाललं, रात्री पळायला लागलं. सकाळी कोणीतरी खाली लिहिलं, ‘अरे, हे तर आपले आजोबा! कानात बिडी!’ त्याखाली कोणी लिहिलं, ‘आणि ही आपली म्हातारी. मग नवरी कोण, ओळखा.’ मग सगळं गावच खाली उतरलं.

गोदाबाईंचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“भावजी,” त्या म्हणाल्या, “ते काढा.”

काढायचं कसं ते मला माहीत नव्हतं. अकाउंट स्वानंदच्या नंबरवर. स्वानंदचा फोन लागेना. त्याची बायको म्हणाली, “खडवलीला गेलेत, विमेवाल्यांची पिकनिक आहे.” मी तसाच निघालो, अर्ध्या दाढीनं. दुपारची कसाऱ्याकडची गाडी, डब्यात मी आणि भाजीच्या रिकाम्या पाट्या. हातात फोन, फोनमध्ये तो आकडा. कल्याणला होता तो टिटवाळ्याला वाढलेला. खोटं कशाला बोलू, एवढं सगळं होऊनही मी दर स्टेशनला बघत होतो. एवढ्या लोकांनी आयुष्यात कधी माझ्या कुठल्या कामाकडे बघितलं नव्हतं.

स्वानंद नदीत गळाभर पाण्यात उभा राहून एका माणसाला मुदत विम्याचे फायदे सांगत होता. त्याचा फोन कपाटात, कपाटाची किल्ली रखवालदाराकडे, आणि रखवालदार कोंबड्या आणायला गेलेला. तो आला तोवर उन्हं कलली. मग खाली रेंज नाही म्हणून आम्ही पाण्याच्या टाकीवर चढलो. कोड आला. स्वानंदच्या ओल्या बोटांनी तो चुकीचा पडला. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा, असं उत्तर आलं. आम्ही टाकीवर बसून राहिलो. खालून रश्श्याचा वास येत होता.

“काका, एकदा विचार करा,” स्वानंद म्हणाला. “मी शिबिरात शिकलेलो, असा रीच आयुष्यात एकदाच मिळतो.”

“काढ,” मी म्हणालो.

शेवटी ते निघालं. निघण्याआधी पडद्यावर सूचना आली, की ही तुमची सर्वांत यशस्वी पोस्ट आहे, नक्की काढायची का. त्या क्षणी मला स्वानंदला नदीत ढकलावंसं वाटलं.

परत येताना मी सरळ गोदाबाईंकडे गेलो. “काढलं,” असं धापा टाकत सांगितलं. त्या ओटीवर तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “माजे विहिनीचे मोबाइलमदी हाय ते आता. तिथून कसा काढाल?”

दर्शनाचं लग्न झालं. मोडलं नाही, एवढंच. आम्ही दोघं गेलो होतो. रुखवताच्या टेबलावर नुसती पांढरी चादर अंथरलेली, वर काही नाही. सगळं सामान तसंच झाकलेलं मागच्या खोलीत पडून होतं. जेवणाच्या पंगतीत मयूरच्या एका काकूनं दर्शनाला सगळ्यांदेखत विचारलं, “काय गं, चहा तरी येतो का करायला, का तोपन मागवतेस?” खूप हशा झाला. दर्शना खाली बघत राहिली, अगदी त्या सुपारीसारखी, फक्त हसत नव्हती. वासंती ताटावरून उठली. रिक्षात ती एवढंच म्हणाली, “सुपारीत तिचं हसू फार छान उतरलं होतं हो.”

त्यानंतर आमच्याकडे जुन्या गिऱ्हाइकांचे फोन येऊ लागले. कामाचे नव्हेत. “वासंतीताई, आमचे फोटो आहेत का हो तुमच्याकडे? पुसून टाका ना.” एकीच्या मुलीला सासरी जाऊन दहा वर्षं झाली, दोन मुलं झाली, तरी तिला भीती. दिवेलागणीला कोणी येईना. बिल्डिंगमधल्या त्या दोन घरांतल्या बायका वासंती जिन्यात दिसली की उगाच पायपुसणं झटकायला लागत. सोसायटीनंही हात धुऊन घेतले. निवासी सदनिकेत व्यवसाय केल्याबद्दल खुलासा करा, अशी नोटीस आली, पुरावा म्हणून आमचीच रीलं. खुलाशात मी लिहिलं, की व्यवसाय बंद पडला आहे. सेक्रेटरींनी त्यावर ‘समाधानकारक’ असा शेरा मारला.

फ्रिजवरचा कागद मी काढून टाकला. आता वासंतीला वेळच वेळ होता. सकाळ मोकळी, दुपार मोकळी, आणि ऊन तर असं यायला लागलं खिडकीत, की विचारू नका. ती त्या उन्हात हात मांडीवर ठेवून बसायची. एके दिवशी धीर करून मी म्हणालो, “आसावरीचं आता घ्यायला हवं ना. वेळ आहे अजून.”

तिनं डबा आणला, झाकण काढलं आणि माझ्यापुढे धरला. तळाशी काही सुपाऱ्या होत्या.

“यात आता आपलं कोणी नाही,” ती म्हणाली.

मी म्हणालो, आपण दुसऱ्या आणू, मी स्वतः वाण्याकडे बसून निवडतो. तिनं झाकण लावलं. रागावून नव्हे. मला वाटतं तिला तिच्याच हातांची भीती बसली होती. एखादी सुपारी हुबेहूब जमली तर पुढे काय होतं ते तिनं बघितलं होतं.

शेवटी आसावरीच म्हणाली, “बाबा, आईला नका काही बोलू. कल्याणला मिळतं सगळं, आपण घेऊन येऊ.” आम्ही दोघं बाजारात गेलो. दुकानदारानं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं अख्खं रुखवत पुढे ठेवलं. मग हळूच विचारलं, “विहीणबाईंना काय सांगायचंय? हातचं? मग हे घ्या. यात गोंद थोडा बाहेर आलेला आहे, मोती दोन-तीन वाकडे आहेत. मुद्दाम. हे जास्त जातं.” आसावरी हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही वाकड्या मोत्यांचं घेतलं. कारण विहीणबाईंना वासंतीच्या हातची कीर्ती माहीत होती; सर्वेशनं कौतुकानं सांगून ठेवलेलं, की आमच्या सासूबाई सगळं स्वतः करताहेत.

पत्रिका द्यायला आम्ही गोदाबाईंकडेही गेलो. सून बाहेर आली. सासूबाई झोपल्यात म्हणाली. आतून टीव्हीचा आवाज येत होता.

लग्नाच्या दिवशी, कल्याणच्या त्या कार्यालयात, वासंतीनं ते रुखवत स्वतःच्या हातानं मांडलं. परक्याच्या वस्तू मांडाव्यात तसं, एकेक, जपून. सुपारीचं लग्न मध्यभागी. मी वाकून बघितलं. सवयीनं स्वतःला शोधत होतो. नवरीचा बाप म्हणून जी सुपारी होती तिला लाल फेटा आणि टोकदार मिशा होत्या. आत्या नव्हतीच. सगळ्यांचे चेहरे एकाच साच्यातले, सगळे समोर बघणारे, जांभई कोणाला नाही.

मुलाकडच्या बायका जमल्या. विहीणबाईंनी वासंतीचा हात हातात घेतला. “वासंतीताई, किती ऐकलं होतं! सगळं तुमच्या हातचं ना?”

वासंतीनं माझ्याकडे बघितलं नाही. “हो,” ती म्हणाली. इतक्या वर्षांत दुसऱ्यांच्या मुलींसाठी इतक्या आयांनी हे खोटं बोललेलं तिनं ऐकलं होतं, पण स्वतःची पाळी पहिल्यांदाच आलेली. तिला ते नीट जमलं नाही.

सर्वेशच्या मावशी टेबलावर वाकल्या. भिंगातून बघावं तसं बघत म्हणाल्या, “पण मी असंच कुठेतरी बघितलंय बाई. अगदी हेच सुपारीचं लग्न. मोबाइलवर का बाजारात...” आणि त्या वासंतीकडे वळल्या. “असं कसं हो?”

वासंतीची बोटं चादरीची घडी चाचपत होती. आसावरी आत सजत होती, आणि ती आतच असावी एवढंच मी देवाकडे मागत होतो. मला उत्तर द्यायचं होतं. मी नेहमी उत्तर देतो. त्या दिवशी मी नुसता घड्याळाकडे बघत राहिलो.

“मोबाइलवर काय, काहीपन दाखवतात!” मागून आवाज आला. गोदाबाई होत्या. हिरवी नऊवारी, अंगभर सोनं, सोबत दर्शना. बायकांनी आपसूक वाट दिली. त्या टेबलापाशी आल्या आणि त्यांनी सुपारीचं लग्न निरखून बघितलं. वासंतीचा हात त्या पुरेपूर ओळखतात. एका नजरेत त्यांना सगळं कळलं, हे मला कळलं. टोकदार मिशांचा तो बाप त्यांनी उचलला, बघितला, परत ठेवला.

“वयनीनीच केलंय हे सगलं,” त्या मावशींना म्हणाल्या. “मी बसायची ना रोज बाजूला. मी माजे डोल्यांनी पायलंय.”

कोणाची बिशाद नव्हती पुढे बोलायची. मावशी बाजूला झाल्या, विहीणबाई हसल्या, घोळका पुढे सरकला. वासंती तिथंच उभी राहून रडायला लागली, आणि गोदाबाईंनी तिला पोटाशी धरलं. लोकांना वाटलं, मुलगी चालली म्हणून रडतेय. मलाही रडू येत होतं. मी दुसरीकडे बघितलं, तर समोर दर्शना उभी.

“बरी आहेस ना गं?” मी विचारलं.

“बरी आहे, काका,” ती म्हणाली. “चहा येतो मला आता.”

डोळे पुसायला मी खिशातून रुमाल काढायला गेलो. हाताला फोन लागला, तोच बाहेर आला. गोदाबाईंनी वासंतीच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं.

“भावजी,” त्या हळूच म्हणाल्या, “आता फोटो नका काढू.”